उष्णता, ताण आणि सांधे

मानवजातीच्या वाटचालीतले खरे टप्पे तीनच. माणसाला आग सापडली, माणसाला चाक सापडलं, आणि डॉ. श्रीनिवास उकिडवे यांनी फिरत्या वेल्डिंग टूलमधली उष्णता आणि ताण संगणकावर मांडून दाखवला. पहिल्या दोन टप्प्यांबद्दल विद्वानांत एकमत आहे. तिसऱ्याबद्दलही मतभेद नाहीत, कारण ते मत एकट्या उकिडव्यांचंच होतं आणि त्यांनी ते अजून कुणाला बोलून दाखवलेलं नव्हतं. बोलून दाखवायला समोर कुणीतरी बसावं लागतं.

उकिडवे कर्वेनगरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत. त्यांचा विषय सांगायला सोपा होता. अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पट्ट्या शेजारी शेजारी घट्ट बसवायच्या. पोलादाचं एक टूल घ्यायचं, म्हणजे एक जाड दांडा, त्याच्या टोकाला सपाट खांदा आणि खांद्यातून निघालेली बोटाच्या पेराएवढी पिन. ते गरागरा फिरवत दोन पट्ट्यांच्या फटीत उतरवायचं. घासून घासून धातू तापतो. वितळत नाही, पण शिऱ्यासारखा मऊ होतो. टूल त्याला ढवळत पुढे सरकतं आणि मागे दोन पट्ट्यांची एक पट्टी राहते. ठिणगी नाही, धूर नाही. हाल होतात ते टूलचे. एकीकडून भाजतंय, दुसरीकडून धातू रेटतोय. ते कधी मोडेल हे खरं टूल मोडून बघणं परवडत नाही, म्हणून उकिडवे ते संगणकात मोडत. टूलचे बारीक बारीक तुकडे कल्पायचे आणि एकेकाला विचारायचं, बाबा रे, तू किती तापलास आणि तुला कोण किती ओढतंय? सगळ्यांची उत्तरं आली की पडद्यावर चित्र उमटे. गार भाग निळा, मग हिरवा, पिवळा, आणि खांद्यापाशी लालभडक.

हे चित्र त्यांनी अनेक परिषदांत दाखवलं होतं. श्रोते दोन असत. एक, पुढचा वक्ता. दुसरा, प्रोजेक्टर बंद करायला थांबलेला माणूस. घरी सुनीतीबाईंनी लग्नानंतर एकदा लक्ष देऊन सगळं ऐकलं होतं आणि "म्हणजे ताकातली रवीच की," असं म्हणून त्या उठून गेल्या होत्या. त्या शाळेत भूगोल शिकवत, त्यामुळे थोडक्यात सांगायची त्यांना सवय होती.

अशा माणसाला ज्येष्ठ नागरिक संघाचं व्याख्यानाचं बोलावणं आलं, तर त्याने हो म्हणू नये असं कोण म्हणेल?

बोलावणं घेऊन आले ते संघाचे कार्यवाह माधवराव. माधवरावांची एकच अट होती. व्याख्यान शुद्ध मराठीत हवं. संघाच्या टेबलावर देवघरातली असते तशी एक पितळी घंटा ठेवलेली असे. वक्त्याच्या तोंडून इंग्रजी शब्द निघाला की माधवराव ती वाजवत. या घंटेपुढे भलेभले नामोहरम झाले होते. एक निवृत्त बँक मॅनेजर तर स्वतःचा हुद्दा सांगतानाच गारद झाले होते.

"विषय काय लिहू फळ्यावर?" माधवरावांनी विचारलं.

उकिडव्यांनी तयारी केली होती. "घर्षणाने केलेल्या सांधणीतील फिरत्या साधनामध्ये निर्माण होणारी उष्णता आणि ताण यांचे संगणकाच्या साहाय्याने केलेले आभासी प्रतिरूपण."

"फळा एवढा लांब नाही आमचा," माधवराव म्हणाले.

त्यांनी फळ्याला झेपेल तेवढंच लिहिलं. 'उष्णता, ताण आणि सांधे. वक्ते: डॉ. श्रीनिवास उकिडवे.' वर त्याला हिरव्या खडूने महिरपही काढली.

आता ज्या गावात निम्मं आयुष्य 'उष्णता झालीय' आणि उरलेलं 'ताण आलाय' असं म्हणण्यात जातं, तिथल्या साठीपुढच्या मंडळींनी हा फळा वाचून काय समजावं? वर नावामागे 'डॉ.'. सभागृह भरलं. खुर्च्या कमी पडल्या म्हणून बागेतले बाक आत आणले गेले. उकिडवे दारातून आत आले आणि आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या कार्यक्रमाला आलो असं वाटून परत बाहेर गेले. फळ्यावर आपलं नाव वाचून ते पुन्हा आत आले, ते मात्र छाती पुढे काढून.

"नमस्कार. आज मी या टूलबद्दल..."

टण्!

"साधन म्हणा," माधवराव म्हणाले.

सभागृह खुशीत हसलं. उकिडवेही हसले. त्यांनी साधन म्हटलं. देह हे साधन आहे हे समोरच्या पिढीने कीर्तनांत इतक्यांदा ऐकलेलं होतं की माना आपोआप डोलल्या.

मग त्यांनी चित्र दाखवलं. पिन नीट दिसावी म्हणून त्यांनी ते उलटं लावलं होतं. पिन वर, तिच्याखाली रुंद खांदा, त्याखाली निळा दांडा. ज्याला ठाऊक नाही त्याला ते टूल वाटण्याचं काहीच कारण नव्हतं. ते लाल खांद्यांच्या, बिनहाताच्या, जरा काळजीत असलेल्या माणसासारखं दिसत होतं.

"सर्वाधिक उष्णता खांद्यापाशी असते," उकिडवे म्हणाले. निम्म्या सभागृहाचे हात आपापल्या खांद्यांवर गेले.

"ताण मात्र सगळ्यात जास्त असतो तो मानेशी. जिथे खांदा संपतो तिथे."

"अगदी बरोबर!" पाठीमागून कुणीतरी कळवळून म्हणालं.

"असा ताण वारंवार आला की साधनाला थकवा येतो. थकवा दिसत नाही. बाहेरून सगळं ठणठणीत. पण आत बारीक भेगा पडलेल्या असतात."

पहिल्या रांगेतल्या मंदाकिनीबाईंनी हळूच आपली टाच वळवून पाहिली.

उकिडव्यांना असं कधीच कुणी ऐकलं नव्हतं. ते बोलत होते आणि माणसं पुढे सरकून बसत होती. घर्षण या शब्दाला गुडघे चोळले जात होते. त्यांचा आवाज चढला, हात फिरू लागले. शेवटी त्यांनी विचारलं, "काही शंका?" हा प्रश्न ते आयुष्यभर विचारत आले होते आणि प्रत्येक वेळी त्याचं उत्तर पंख्याने दिलं होतं. या वेळी हातांचं रान उगवलं.

मंदाकिनीबाई उठल्या. "डॉक्टर, झोपताना सब्जाचं पाणी घेतलं तर खांद्याची उष्णता उतरेल का हो?"

"सब्जा?" उकिडवे म्हणाले.

"की गुलकंद बरा?"

त्या क्षणी उकिडव्यांच्या डोक्यातले सगळे तुकडे एकदम निळे पडले. त्यांनी फळ्याकडे पाहिलं. चित्राकडे पाहिलं. समोरच्या, खांद्यांवर हात ठेवून बसलेल्या माणसांकडे पाहिलं.

"माफ करा," ते म्हणाले, "माझा विषय वेल्डिंग..."

टण्!

हशा पिकला. माधवराव घंटा खाली ठेवत म्हणाले, "मराठीत, डॉक्टर, मराठीत!"

हसू ओसरायला थोडा वेळ लागला. तेवढा वेळ उकिडव्यांकडे होता. 'मी लोखंडाचा डॉक्टर आहे,' एवढं शुद्ध मराठी वाक्य त्यांना येत होतं. ते जिभेच्या टोकापर्यंत आलंही होतं. पण समोर कुणी पेंगत नव्हतं. कुणी घड्याळ बघत नव्हतं. शेवटच्या बाकावर खुद्द सुनीतीबाई ताठ बसून ऐकत होत्या.

"सब्जाचा अभ्यास आम्ही अजून केलेला नाही," उकिडवे म्हणाले.

टाळ्या पडल्या. "बघा, याला म्हणतात प्रामाणिकपणा," मंदाकिनीबाई शेजारणीला म्हणाल्या. "बाकीचे लगेच लिहून देतात."

त्या संध्याकाळी उकिडवे एकही शब्द खोटा बोलले नाहीत. पुढे जेव्हा शरम वाटायला लागली, तेव्हा याचीच त्यांना सगळ्यांत जास्त शरम वाटली.

एकेक शंका ते अशीच बाजूला सारत होते. तेवढ्यात मधल्या रांगेतून पांढरी टोपी घातलेले एक उंच गृहस्थ उभे राहिले. शेजारी त्यांची मुलगी होती, ती त्यांना हात धरून खाली बसवू पाहत होती.

"डाक्टरसायब, मी आप्पासाहेब. धायरीचा. हिकडं लेकीकडं आलोय, मैनाकडं. सकाळच्याला मी देवळाला फेरे घालतो. जरा फेरे झाले का ह्यो डावा खांदा धरतोय. पार मानंपत्तुर ताण. लेक म्हनती, उद्या दवाखान्यात मशिनीवर झोपायचं. तुमी त्यातलं जानकार. तुमी सांगा, फेरे कमी करू का वाढवू?"

फेरे!

उकिडवे थरारले. टूलचे फेरे कमी करावेत की वाढवावेत, या एका प्रश्नावर त्यांनी आयुष्याची ऐन उमेदीची वर्षं घातली होती. कुणीतरी, कधीतरी, आपल्याला हा प्रश्न विचारावा म्हणून ते वाट बघत होते. विद्यापीठाने विचारला नाही, कारखान्यांनी विचारला नाही. धायरीच्या माणसाने विचारला. आणि उत्तर तर पाठच होतं.

"वाढवा," ते म्हणाले. "फेरे वाढले की उष्णता वाढते, समोरचा प्रतिकार मऊ पडतो आणि मानेवरचा ताण उतरतो. पुढे सरकायची घाई मात्र नको. आणि मध्येच गार पडू देऊ नका. गार पडलं की मोडतं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. आप्पासाहेब हात जोडून खाली बसले आणि मुलीकडे बघून, 'ऐकलंस?' अशा अर्थाने त्यांनी भुवया उडवल्या. मग शाल आणि नारळ देऊन उकिडव्यांचा सत्कार झाला. शाल उबदार होती. ती खांद्यांवर आली तेव्हा खांद्यांना सर्वाधिक उष्णता जाणवली.

घरी परतताना सुनीतीबाई दोन पावलं पुढे चालत होत्या. पुण्यात हे लक्षण बरं नव्हे.

"आता नाडी बघायलाही शिकून घ्या," शेवटी त्या म्हणाल्या.

"मी काहीच चुकीचं बोललो नाही."

"नाही ना. त्या धायरीच्या गृहस्थांना काय सांगितलंत?"

"प्रतिरूपणात जे आलंय तेच सांगितलं. तो निष्कर्ष तपासून घेतलेला आहे."

"ते पोलादाचे आहेत का?"

उकिडवे थांबले. नारळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"डावा खांदा, मान, चालताना येणारा ताण," सुनीतीबाई म्हणाल्या. "मी भूगोलाची बाई. मलासुद्धा कळलं ते कशाचं लक्षण आहे. आणि तुम्ही त्यांना जास्त चाला म्हणालात. सगळ्यांसमोर. शाल घेऊन."

"शाल नंतर दिली."

"तेवढाच फरक."

दुसऱ्या दिवशी सकाळी उकिडवे माधवरावांकडून पत्ता घेऊन मैनाच्या दारात उभे राहिले. दार उघडताच ती त्यांच्या पाया पडायला वाकली. त्यांनी पाय इतक्या घाईने मागे घेतले की चपलांचा स्टँड आडवा झाला.

"बाबा गेले की हो धायरीला पहाटेच," चपला गोळा करत मैना म्हणाली. "आज मशीनवर तपासणीची वेळ घेतली होती. म्हणाले, एवढ्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितल्यावर कशाला पाहिजे. किती दिवस मी त्यांच्या मागे लागले होते. पण तुम्ही एका वाक्यात त्यांची काळजी मिटवलीत."

"त्यांना फोन लावा," उकिडवे म्हणाले. "फेरे थांबवा म्हणावं."

"देवळात जाताना फोन घरीच ठेवतात. का हो, काय झालं?"

खरं सांगायला ही जागा चांगली होती. समोर एकच माणूस, कुणाच्या हातात घंटा नाही. पण तिच्या हातात अजून चपला होत्या, आणि वर बघणाऱ्या त्या चेहऱ्यावर इतका विश्वास होता की उकिडव्यांना तो उचलून बाजूला ठेवणं जमेना.

"मी स्वतःच सांगतो त्यांना. तुम्हीही चला," ते म्हणाले.

ते स्कूटरवर निघाले, मैना मागे. ऐकणाऱ्याचं तोंड दिसत नसलं की बोलायला सोपं जातं. राजाराम पूल ओलांडताना त्यांनी सुरुवात केली आणि सिंहगड रस्त्याच्या गर्दीतून वडगावला पोचेपर्यंत सगळं सांगून टाकलं. आपण कोण, टूल म्हणजे काय, घंटा कशी वाजली, आपण गप्प का बसलो. काही राखून ठेवलं नाही. डोळेसुद्धा भरून आले. सिग्नलला स्कूटर थांबली.

"काय म्हणालात?" मैनाने पुढे वाकून विचारलं. "त्या हेल्मेटमधून काही ऐकू येत नाही हो."

पुण्यात हेल्मेट घालणारी जी मोजकी माणसं होती त्यांत उकिडवे होते. त्या क्षणी त्यांना प्रथमच त्याचा पश्चात्ताप झाला. सिग्नल सुटला.

धायरीत देवळापाशी त्यांनी स्कूटर लावली आणि समोरचं दृश्य पाहून ते तसेच उभे राहिले. देवळाभोवती एकटे आप्पासाहेब फिरत नव्हते. आप्पासाहेबांच्या मागे गेनबा होते, गेनबांच्या मागे दत्तोबा, त्यांच्या मागे काठी टेकत सोजरबाई, आणि आणखीही कुणीकुणी होते. गावातलं सगळं जुनं सामान रांगेत फिरत होतं.

"आले बगा डाक्टरसायब!" आप्पासाहेब ओरडले. "ह्यांचंच म्हननं हाय ते. घाई न्हाय, पर फेरे वाढवायचे!"

डॉक्टरांसमोर चांगलं दिसावं म्हणून रांगेने वेग घेतला.

"थांबा," उकिडवे म्हणाले.

"थांबून कसं चालंल? गार पडलं का मोडतंय म्हनला न्हवं तुमी?"

आप्पासाहेब वळसा घालून देवळामागे दिसेनासे झाले. उकिडव्यांना त्यांच्या मागे धावावं लागलं. दुसऱ्या बाजूला त्यांनी गाठलं तेव्हा आप्पासाहेबांचा चेहरा घामाने निथळत होता आणि उजवा हात डाव्या खांद्यावर होता. उकिडव्यांनी त्यांचा दंड धरला.

"आप्पासाहेब, मी डॉक्टर नाही."

"मंग?"

"म्हणजे डॉक्टर आहे. पण माणसांचा नाही."

मागून येणारी रांग एकमेकांवर आदळत थांबली.

"गुरांचा हाय व्हय?" गेनबांनी आशेने विचारलं.

"नाही. वेल्डिंगचा."

कुणी घंटा वाजवली नाही.

"म्हंजी माझा गुडगा?" सोजरबाई म्हणाल्या.

"आजी, मी तुमच्या गुडघ्याबद्दल कधीच काही बोललो नव्हतो."

"पर सकाळपास्नं हलका वाटतोय की रं त्यो."

मैना पुढे आली. तिने उकिडव्यांकडे पाहिलं. ती ओरडली असती, चार लोकांत दोन शब्द बोलली असती, तर त्यांना बरं वाटलं असतं. त्याची तयारी त्यांनी ठेवली होती. पण तिने फक्त पाहिलं, आणि मग ती जणू तिथे कुणी उभंच नाही अशी त्यांच्या बाजूने गेली आणि वडिलांना धरून पायरीवर बसवलं. आदल्या दिवशी सभागृहात पहिल्यांदा सगळ्यांना दिसलेले उकिडवे इथे कुणालाच दिसेनासे झाले.

"तुम्हाला माहीत होतं?" तिने त्यांच्याकडे न बघताच विचारलं. "बाबांनी विचारलं तेव्हा? आम्ही तुम्हाला काय समजतोय ते?"

"हो," उकिडवे म्हणाले.

आणखी काही म्हणावं असं त्यांना वाटलं. घंटा, टाळ्या, रिकामी सभागृहं. पण त्यातलं काहीच त्या 'हो'च्या शेजारी ठेवण्यासारखं नव्हतं.

आप्पासाहेब पायरीवर धापा टाकत बसले होते. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "त्यांना बोलू नगंस, मैना," ते हळू आवाजात म्हणाले. "मलाबी म्हाईत व्हतं."

"काय माहीत होतं?"

"समदं न्हाय. पर त्या चित्राला हातच न्हवते. मानूस असता तर हात नसते व्हय? म्हनलं, ह्यो काय तरी येगळंच बोलतोय." त्यांनी टोपीवरची नसलेली धूळ झटकली. "पर मशिनीवर झोपायचं भ्या वाटत व्हतं मला. ती काय तरी दावनार, मंग ते फाडनार. सबेत बसल्या बसल्या वाटलं, ह्या मानसाला इचारावं. ह्यो आपल्याला मशिनीवर न्हाय झोपवनार. आन त्यांनी न्हायच झोपवलं. लई बरं वाटलं बग."

उकिडव्यांनी मान खाली घातली. या माणसाने सभागृहातले सगळे चेहरे सोडून आपल्याला निवडलं होतं, ते आपल्या ज्ञानासाठी नव्हे. आपण नाही म्हणणार नाही हे त्याने ओळखलं होतं, एवढ्यासाठी. त्यांच्याबद्दल आजवर कुणी इतकं नेमकं मत दिलं नव्हतं.

"आता चला," ते म्हणाले. "मशीन फाडत नाही. फक्त बघतं. आम्हीसुद्धा तेच करतो. आत कुठे ताण आहे ते बाहेरून बघतो, म्हणजे मोडायच्या आधी कळतं. मला तुम्हाला एवढंच सांगायचं होतं काल. मी दुसरं सांगितलं."

आप्पासाहेब उठले. गेनबांनी रिक्षा थांबवली. मैना वडिलांबरोबर बसली. तिसरी जागा रिकामी होती, पण तिने तिच्यावर पिशवी ठेवली. उकिडवे स्कूटरवरून मागे मागे गेले. हेल्मेट त्यांनी घातलं. आत तोंड कुणाला दिसत नाही, ही त्याची दुसरी सोय त्यांच्या लक्षात आली.

दवाखान्यात मशीनने जे दाखवायचं ते दाखवलं. एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद झालेली होती. त्याच दिवशी तिच्यात स्प्रिंग बसवली. तरुण डॉक्टर बाहेर येऊन मैनाला म्हणाले, "वेळेवर आणलंत. चालायचं असंच चालू ठेवलं असतं तर..." आणि तिचा चेहरा बघून त्यांनी वाक्य तिथेच सोडलं. उकिडवे भिंतीला टेकून उभे होते. उरलेलं वाक्य त्यांनी मनातल्या मनात पूर्ण केलं. मग बराच वेळ ते पूर्णच करत राहिले.

कॉरिडॉरमधूनच त्यांनी माधवरावांना फोन लावला आणि सगळं कबूल केलं.

"म्हणजे आपण वेल्डिंगचे," माधवराव म्हणाले. धक्क्यात त्यांच्या तोंडून इंग्रजी शब्द गेला आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

"हो. सगळ्यांना सांगा. नाहीतर मी स्वतः येऊन सांगतो. शाल परत करतो."

"शाल परत घ्यायची पद्धत नाही आमच्यात. आणि मंदाकिनीबाईंनी पुढच्या आठवड्यासाठी आपल्याला पुन्हा बोलवायचं ठरवलंय."

"वेल्डिंगवर?"

"पित्तावर."

"नाही म्हणून सांगा," उकिडवे म्हणाले. हे नाही म्हणायला त्यांना एक दिवस उशीर झाला होता, पण म्हणता आलं.

दोन दिवसांनी आप्पासाहेबांना भेटायची परवानगी मिळाली. उकिडवे सुनीतीबाईंना घेऊन आले. काय बोलायचं ते त्यांनी मनाशी नीट जुळवून ठेवलं होतं. मैना खिडकीशी उभी होती. ते आत आल्यावर तिने एकदा मागे वळून पाहिलं, सुनीतीबाईंना खुर्ची दिली आणि पुन्हा बाहेर बघू लागली. दुसरी खुर्ची तिथेच होती. ती तिने कुणाला दिली नाही.

उकिडवे पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले आणि बोलू लागले. उत्तर येणं ही काही मोठी गोष्ट नाही, ते म्हणाले. प्रश्न कुणाचा आहे हे न बघता दिलेलं बरोबर उत्तर चुकीच्या उत्तरापेक्षा वाईट. आपण माणसाला टूल समजलो, कारण टूल आपल्याला कधी नाही म्हणत नाही. ज्याला ऐकणारे हवेत त्याने आधी ऐकायला शिकावं. आपण यापुढे कुठल्याही सभेत उभे राहणार नाही. आप्पासाहेबांनी आपल्याला माफ करावं असं आपण म्हणणार नाही, कारण माफ केलं तर आपल्याला बरं वाटेल, आणि आपल्याला बरं वाटावं यासाठीच हे सगळं झालं. सुनीतीबाईंनी पदराने नाक टिपलं. त्यांनी आपल्या नवऱ्याचं भाषण आयुष्यात तिसऱ्यांदा पूर्ण ऐकलं होतं, आणि या वेळी त्यांना ते एका वाक्यात सांगता आलं नसतं. मैनासुद्धा खिडकीपासून वळली होती.

आप्पासाहेबांनी डोळे मिटलेले होते. झोप लागली असावी असं सगळ्यांना वाटलं. मग त्यांनी एक डोळा उघडला.

"येल्डिंगचं म्हनला व्हता न्हवं तुमी?"

"हो, आप्पासाहेब."

"मंग एक काम हाय. घरामागं गोठ्याच्या फाटकाची कडी तुटून पडलीया. मी हितं निजलोय, आन म्हस सुटून शेजारच्या सोसायटीतल्या कुंड्या खातीया. चेरमन रोज फोटू काढून धाडतोय. जाता जाता तेवढी कडी चिकटवून द्या."